खानदेशच्या जड पाण्यात आणि कडक उन्हात टॉवेल मऊ कसे राखायचे

टॉवेल मळाने फारसा बिघडत नाही. अंगाचा मळ आणि घाम साबणपाण्याने निघून जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या पट्ट्यात टॉवेलची वाट लागते ती तीन गोष्टींनी. पहिली बोअरचं जड पाणी, दुसरी त्या पाण्यात फेस येत नाही म्हणून वाढवत नेलेली पावडर, आणि तिसरी म्हणजे उन्हाळ्यात सकाळी वाळत घातलेलं कापड थेट संध्याकाळी काढायची सवय. या तिन्हींचा मेळ बसला की चांगला महागाचा टॉवेलही वर्षभरात कडक होतो, अंगाला टोचतो, पाणी टिपायच्या ऐवजी नुसतं पसरवतो. मग आपण म्हणतो, माल हलका निघाला. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो.

खानदेश हा कापसाचा मुलूख. जळगावची खानदेश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल यांच्या भोंग्यावर कधीकाळी अख्ख्या गावाचा दिवस चालायचा. सुती कापड कसं वागतं हे इथल्या घरांना मुळात ठाऊक होतं. पुढे पंच्याच्या जागी टर्किश टॉवेल आला, विहिरीच्या जागी खोल बोअर आली, दगडाच्या जागी मशीन आलं, पण धुण्याची रीत तीच राहिली. ती या नव्या परिस्थितीला जुळवून घ्यायची आहे. खर्च फार नाही, किराणा दुकानातल्या दोन वस्तू पुरतात.

आधी पाणी ओळखा

आपल्या घरचं पाणी किती जड आहे हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. "पानी जड शे" असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, आणि त्याची खूणही सगळ्यांना माहीत असते: तुरीची डाळ शिजता शिजत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, बादलीच्या आतल्या कडेला खरबरीत पट्टा उमटतो, गिझरची कॉईल लवकर जाते. हे सगळं पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे होतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी प्यायला चालतं तेवढ्यावरून ते धुण्यालाही बरं आहे असं समजू नका. पाचशेचं पाणी पिऊन माणसाला काही होत नाही, टॉवेलला मात्र होतं.

घरच्या घरी तपासायचं तर झाकणाची पारदर्शक बाटली घ्या. अर्धी पाण्याने भरा, अंगाच्या साध्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाका आणि जोरात हलवा. वर दाट फेस राहिला आणि खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तर पाणी हलकं. फेस बसला, पाणी दुधाळ झालं आणि त्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या तर पाणी जड. त्या गुठळ्या नीट बघून ठेवा. साबण आणि कॅल्शियम मिळून झालेला तो चिकट साका आहे, आणि तोच टॉवेलवरच्या दोऱ्यांच्या बारीक वेटोळ्यांत जाऊन बसतो. ही परीक्षा साबणाच्या वडीनेच करायची, पावडरने नाही. डिटर्जंट जड पाण्यातही थोडाफार फेस करतं, त्यामुळे फसगत होते.

बऱ्याच घरांत दोन पाणी असतात: नगरपालिकेचं, जे दिवसाआड किंवा त्याहून उशिराने येतं, आणि बोअरचं, जे केव्हाही असतं. नळाचं पाणी बहुधा धरणाचं किंवा नदीचं असतं आणि बोअरपेक्षा पुष्कळ हलकं. शक्य असेल तर नळ आला त्या दिवशी टॉवेल धुवा. तेही जमत नसेल तर धुणं बोअरच्या पाण्यात उरका आणि शेवटचं विसळणं तेवढं नळाच्या पाण्यात करा. एका बादलीचा प्रश्न असतो, फरक लगेच हाताला कळतो.

टॉवेल घेतानाच निम्मं काम होतं

दुकानदार टॉवेलचा 'जीएसएम' सांगतो. एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. ७० बाय १४० सेंटिमीटरचा आंघोळीचा टॉवेल जवळपास एक चौरस मीटर भरतो. म्हणजे ४५० जीएसएमचा टॉवेल वजनकाट्यावर साधारण ४४० ग्रॅम दाखवायला हवा. शंका आली तर दुकानातच वजन करायला सांगा.

माझं स्पष्ट मत आहे की खानदेशात ३५० ते ४५० यापलीकडे जायची गरज नाही. सहाशे-सातशेचे गुबगुबीत टॉवेल हॉटेलात शोभतात, कारण तिथे वाळवायचं यंत्र असतं. आपल्याकडे ते विसळायला दुप्पट पाणी खातात, त्यांच्या मुळाशी साबण राहून जातो, आणि पावसाळ्यात दोन दिवस ओले राहून कुबट होतात. सोलापूरचा टर्किश टॉवेल या बाबतीत सोयीचा आहे. सोलापुरी चादरीसारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि मध्यम वजनाचा माल आपल्या बाजारात सहज मिळतो. घेताना काठ बघा. शिवण दुहेरी आणि टाके जवळजवळ असले पाहिजेत. लेबलवर 'शंभर टक्के कॉटन' लिहिलेलं असू द्या, पॉलिस्टरची भेसळ असली की हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही.

आणि पंच्याला कमी लेखू नका. साध्या विणीचा सुती पंचा टर्किशपेक्षा कितीतरी लवकर धुतला जातो, लवकर वाळतो आणि वापरून वापरून मऊ होत जातो. श्रावण-भाद्रपदात घरातल्या प्रत्येकाला एक पंचा दिला तर कुबट वासाचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

नवा टॉवेल आणला की थेट वापरायला काढू नका. दुकानात तो मऊ आणि चमकदार वाटावा म्हणून कारखान्यात त्याला सिलिकॉनसारखा मुलायम थर दिलेला असतो. तो थर असेपर्यंत पाणी टिपलं जात नाही. कोमट-गरम पाण्यात, निम्म्या पावडरने, एकटाच दोनदा धुवा. गडद रंगाचा असेल तर पहिली तीन-चार धुणी वेगळी काढा. कच्चा रंग जायचाच, तो मीठ टाकून थांबेल ही आशा धरू नका. आजचे रंग मिठाने बांधले जात नाहीत.

रोजचं धुणं

टॉवेल वेगळे धुवा, ही पहिली आणि न मोडायची गोष्ट. शर्टपँटीबरोबर टाकले की चेन, हूक आणि बटणं वेटोळ्यांत अडकून दोरे उपसतात, आणि टॉवेलचे तंतू काळ्या कपड्यांवर बसतात ते वेगळंच.

मशीनमध्ये धुताना टब तीन चतुर्थांशच भरा. सात किलोचं मशीन आहे म्हणून सोळा टॉवेल कोंबायचे नाहीत. ओला टॉवेल कोरड्याच्या कितीतरी पट जड होतो. चार मोठे टॉवेल आणि दोन-तीन नॅपकिन हा एक घाणा पुरे.

आधी पाणी भरा, मग धुण्याचा सोडा टाका, मग पावडर, आणि शेवटी टॉवेल. हा क्रम महत्त्वाचा आहे. किराण्यात सुटा मिळणारा धुण्याचा सोडा पाण्यातल्या कॅल्शियमला आधीच पकडतो, त्यामुळे पावडरची ताकद पाण्याशी झगडण्यात वाया जात नाही. बोअरचं पाणी असेल तर चार टॉवेलांच्या घाण्याला एक शिगोशीग चहाचा चमचा सोडा पुरतो. तो पाण्यात ढवळून पाच मिनिटं थांबा. त्यानंतर पावडर दोन सपाट टेबलचमचे. एवढ्याशाने काय होणार असं वाटेल, कारण फेस कमी दिसेल. फेस म्हणजे स्वच्छता नाही. टॉवेलवर बहुधा ग्रीसबीस नसतं, घाम आणि मेलेली त्वचा असते, आणि तेवढ्याला ही मात्रा भरपूर होते. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांत गल्लत करू नका. खायचा सोडा त्यामानाने फार सौम्य असतो. पापडखार तर पापडालाच राहू द्या.

पाणी कोमट किंवा गरम घ्या. मार्च ते जूनमध्ये यासाठी वीज जाळायची गरज नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोनला हात पोळेल इतकं तापलेलं असतं. एरवी त्याला आपण नावं ठेवतो. आठवड्याचे टॉवेल त्या वेळेला धुवायला काढा, याहून चांगलं गरम पाणी फुकट मिळणार नाही. हिवाळ्यात मात्र उलट काळजी घ्यावी लागते. डोक्याला लावलेलं खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी त्याहून बरंच गार असतं. अशा पाण्यात केस पुसलेला टॉवेल कितीही घुसळला तरी तेल धाग्यातच राहतं. चार-सहा धुण्यांनी ते खवट होतं, मग टॉवेलला जुन्या तेलाच्या बाटलीसारखा वास मारतो. थंडीत गिझरच्या दोन बादल्या टॉवेलसाठी काढाच.

धुणं दहा-बारा मिनिटांचं. विसळणं मात्र मनापासून करायचं. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये माझा आग्रह असा असतो: साबणाच्या पाण्यातून काढलेले टॉवेल आधी स्पिनरमध्ये एक मिनिट फिरवून घ्या आणि मगच विसळायला टाका. साबणाचं पाणी निथळून गेलं की विसळायला निम्मं पाणी लागतं. टंचाईच्या दिवसांत ही एक सवय दोन बादल्या वाचवते. दोन पाण्यांतून काढा. दुसऱ्या पाण्यात हात घालून बोटं एकमेकांवर घासून बघा, बुळबुळ लागली तर तिसरं पाणी हवं.

जड पाण्याच्या घरात शेवटचं पाणी बादलीत घ्या आणि त्यात चिमूट-दोन चिमूट नाही, तर एक सपाट चहाचा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा. टॉवेल त्यात पाच मिनिटं ठेवून पिळा. सोड्याचा आणि क्षारांचा उरलासुरला अंश त्याने सुटतो आणि टॉवेल वाळल्यावर कडकपणा बराच कमी येतो. याच्या जागी अर्धी वाटी पांढरं व्हिनेगरही चालतं, पण लिंबूसत्त्व स्वस्त पडतं आणि वासही राहत नाही. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर टॉवेलला लावू नका. ते धाग्यावर मेणचट आवरण धरतं. हाताला मऊ लागतं खरं, पण त्याच आवरणामुळे टॉवेल पाणी घेत नाही. साड्या-शर्टांना हवं तर वापरा.

हाताने धुणाऱ्यांसाठी पद्धत हीच आहे, भिजवणं तेवढं अर्धा तास ठेवा. टर्किश टॉवेल दगडावर आपटायचा नाही आणि प्लास्टिकच्या ब्रशने घासायचा नाही, दोन्हींनी वेटोळी उपसतात. बादलीत पायाने तुडवणं हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे. पंचा मात्र खुशाल धोपटा, त्याच्या विणीला त्याने काही होत नाही.

सोड्याचं पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या झाडांना घालू नका. काळ्या मातीत सोडियम वाढलं की माती चोपण होते, पाणी मुरत नाही. ते पाणी न्हाणी, संडास, मोरी यांना वापरा. लिंबूसत्त्व न घातलेलं शेवटच्या विसळीचं पाणी पुढच्या घाण्याचं पहिलं पाणी म्हणून ठेवता येतं.

आधीच कडक झालेले टॉवेल

वर्षानुवर्षांचा साका बसलेले टॉवेल फेकायच्या आधी एकदा हे करून बघा. काम दोन टप्प्यांचं आहे आणि दोन्ही टप्पे वेगवेगळ्या पाण्यात करायचे.

पहिल्या दिवशी बादलीभर कडकडीत पाण्यात दोन टेबलचमचे धुण्याचा सोडा घाला आणि त्यात टॉवेल दोन-तीन तास बुडवून ठेवा. पाणी करडं, गढूळ होईल. पावडर न घालताही फेस येईल. तो फेस म्हणजे आजवर धाग्यांत अडकून राहिलेली पावडर. फेस यायचा थांबेपर्यंत साध्या पाण्याने खळबळून काढा. तेल आणि साबण यांचा थर इथे सुटतो.

मग दुसरी बादली: कोमट पाण्यात दोन टेबलचमचे लिंबूसत्त्व, एक तास. इथे क्षार विरघळतात. पुन्हा साध्या पाण्याने दोनदा विसळा. सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच बादलीत टाकून फसफस बघण्यात अर्थ नाही. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि टॉवेलला काहीच मिळत नाही. आणि एक गोष्ट जिवावरची आहे: ब्लीच ज्या बादलीत आहे तिथे व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व कधीही घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसाला इजा करतो.

हा उपचार तीन-चार महिन्यांतून एकदा केला की पुरे. मशीनमध्ये दर धुण्याला आम्ल वापरलं तर तिचे रबरी भाग झिजतात, म्हणून आम्लाचं काम बादलीतच करावं.

वाळवणं: ऊन आपलं आहे, पण बेताने

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात मध्यम टॉवेल तासाभरात वाळतो. वाळल्यानंतर तारेवर राहिलेला प्रत्येक तास नुसता नुकसानीचा. सूर्याच्या अतिनील किरणांनी रंग उडतो आणि धागा ठिसूळ होत जातो. वर दुपारच्या वाऱ्याबरोबर धूळ येते ती वेटोळ्यांत भरते. म्हणून उन्हाळ्यात टॉवेल सावलीत वाळवा. ओट्यावर, पोर्चमध्ये, जिन्याच्या आडोशाला, जिथे वारा खेळतो तिथे. सावलीतही तो दोन-अडीच तासांत वाळतो, आपली हवाच तेवढी कोरडी असते. गच्चीच शिल्लक असेल तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घाला. पांढऱ्या टॉवेलांना मात्र अधूनमधून तासभर कडक ऊन द्या, त्याने ते उजळतात.

टॉवेल पापडासारखा कडक का होतो, याचं एक कारण क्षार. पण अगदी हलक्या पाण्यात धुतलेला सुती टॉवेलही न हलता वाळला तर ताठ होतो. याचा छडा जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठ आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी लावला, २०२० मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. कापड वाळल्यावरही सुती तंतूंच्या पृष्ठभागाला पाण्याचा अगदी थोडा अंश घट्ट धरून राहतो, आणि तोच शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांना चिकटवून ठेवतो. वाळवायच्या यंत्रात टॉवेल सतत उलटापालटा होतो म्हणून तिथे ही चिकटण होऊ शकत नाही. आपल्याला हे काम हाताने करायचं आहे.

वाळत घालण्याआधी टॉवेल दोन कोपऱ्यांत धरून जोरात झटका. मग दुसऱ्या बाजूचे कोपरे धरून पुन्हा झटका. कानाला फटकन आवाज आला पाहिजे. पाच-सहा झटक्यांत दबलेली वेटोळी उभी राहतात. हात लावून बघा, झटकायच्या आधीचा आणि नंतरचा पृष्ठभाग वेगळा लागतो. अर्धवट वाळल्यावर, थोडा दमट असताना, एकदा उलटा करून पुन्हा झटका. पूर्ण वाळल्यावर काढताना दोन हातांत चुरगाळून मोकळा करा. वेळ एका टॉवेलला मिनिटभरही लागत नाही, आणि महागड्या कंडिशनरने जे होत नाही ते याने होतं. इस्त्री मात्र फिरवू नका, वेटोळी कायमची बसतात.

तार गंजलेली असेल तर प्लास्टिकची दोरी बांधा. गंजाचा डाग पडलाच तर त्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, तासाभराने धुवा, लागलं तर पुन्हा करा. गंजाच्या डागावर ब्लीच घालू नका, डाग आणखी पक्का होतो.

पावसाळ्यात सगळं गणित उलटतं. त्या दिवसांत स्पिनर दोनदा फिरवा. टॉवेल दुमडून न टाकता पूर्ण पसरून, दोन टॉवेलांत वीतभर अंतर ठेवून, पंख्याखाली घाला. वापरलेला टॉवेलही न्हाणीघरातल्या खिळ्यावर गोळा करून अडकवू नका. तो बाहेर, दांडीवर पसरलेला हवा.

कुबट वास

ओल्या टॉवेलचा तो ओळखीचा वास बुरशीचाच असतो असं आपण धरून चालतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की त्यामागे बहुतेक वेळा मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. आपल्या अंगावरचा मळ खाऊन तो वासाचं आम्ल तयार करतो, आणि कापड वाळलं तरी तो मरत नाही. म्हणूनच वाळलेल्या टॉवेलला वास येत नाही आणि अंग पुसायला घेऊन तो ओला झाला की लगेच येतो.

यावर अत्तर, सुगंधी पावडर, डेटॉलचे दोन थेंब, कशाचाच खरा उपयोग होत नाही. उष्णता लागते. ६० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवा. घरचा अंदाज सांगायचा तर उकळतं पाणी दोन भाग आणि साधं पाणी एक भाग. बादली प्लास्टिकची असेल तर आधी साधं पाणी, मग उकळतं. वास फारच मुरला असेल तर याच पाण्यात ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेली ब्लीच पावडर) दोन टेबलचमचे घाला. ते गरम पाण्यातच काम करतं आणि रंगीत टॉवेलांनाही बहुधा चालतं, तरी आधी कोपऱ्यावर करून बघा. क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्यांना, आणि तेही क्वचित. त्याने सुती धागा कमजोर होतो.

वास धुतल्यानंतरही परत येत असेल तर मशीनकडे बघा. टबच्या मागे साचलेली पावडर आणि तंतू हेही घर असतं या जिवाणूचं. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये गरम पाणी आणि सोडा घालून चालवा, तंतू धरणारी जाळी काढून घासा, आणि धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवा.

आपल्याकडचे डाग

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि माणूस घाबरतो. हळदीतला रंग सोडा-साबणाच्या संगतीत लाल दिसतो, विसळलं की परत पिवळा होतो. साबण लावून धुवा आणि ओलाच टॉवेल उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. एका दिवसात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून घाला. खानदेशच्या उन्हापुढे हळद टिकत नाही.

केळीचा चीक हे रावेर-यावलकडच्या घरांचं खरं दुखणं. बागेत घड कापताना जो चीक टॉवेलवर पडतो तो आधी दिसतही नाही. हवा लागली की तपकिरी होतो, वाळला की काळपट, आणि मग जवळजवळ जात नाही. त्याची वेळ म्हणजे ओला असतानाची. बागेतच गार पाण्याने धुवा आणि लिंबू चोळा. घरी येऊन सोडा किंवा साबण आधी लावू नका, त्याने तो अधिक काळा पडतो. वाळलेला डाग ऑक्सिजन ब्लीचच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवला तर फिका होतो, पूर्ण निघेल असं मी सांगणार नाही. शहाणपणाचं म्हणजे बागेचा टॉवेल वेगळा, गडद रंगाचा ठेवावा आणि तो आंघोळीच्या टॉवेलांबरोबर धुऊ नये.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग भिजवा. तेलाच्या डागाला भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि गरम पाणी. मेंदी आणि केसांचा कलप यांच्यासाठी एक जुना टॉवेल बाजूला काढून त्यावर दोऱ्याची खूण करा, तो डाग काढायच्या नादी लागू नका.

रंगीत टॉवेलवर अचानक पांढरट-नारिंगी ठिपके पडले तर मशीनला दोष देण्याआधी घरात कुणी मुरुमांचं मलम लावतं का ते विचारा. बेंझॉईल पेरॉक्साइड असलेली मलमं रंग खातात. ज्यांना ते लावायचं आहे त्यांना पांढरा नॅपकिन द्या.

कुणाचा टॉवेल, किती दिवस

आंघोळीचा टॉवेल तीन-चार वेळा वापरला की धुवायला. उन्हाळ्यात घाम पुसायचा गळ्यातला टॉवेल रोज. हात पुसायचा नॅपकिन एक-दोन दिवसांत, कारण त्याला घरातले सगळे हात लागतात. स्वयंपाकघरातलं मसोतं रोज बदला. रात्री ओटा आवरल्यावर दिवसभराची मसोती सोड्याच्या उकळत्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा आणि सकाळी पिळून वाळत घाला. आंघोळीच्या टॉवेलांबरोबर मसोती कधीच नकोत.

प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, हे बोलायला सोपं असतं पण पाचसहा माणसांच्या घरात पाळलं जात नाही. रंग वाटून द्या, लहान मुलांनाही कळतं. गजकर्ण टॉवेलमधून घरभर पसरतं. दवाखान्यातून मलम आणलं तरी टॉवेल एकच राहिला तर ते फिरून फिरून येतं. ज्याला गजकर्ण आहे त्याचा टॉवेल रोज, वेगळा, गरम पाण्यात धुवा, आणि त्याने अंग पुसताना ती जागा शेवटी पुसावी. डोळे आले की हेच. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हा ज्या घरांत तोंड पुसायचा नॅपकिन एकच होता तिथे एकामागून एक सगळ्यांचे डोळे आले.

पाहुण्यांचे टॉवेल कपाटात ठेवायचे तर पूर्ण वाळलेले, गार झालेले ठेवा. उन्हातून आणलेला गरम टॉवेल लगेच घडी घातला तर आत दमटपणा अडकतो. डांबराच्या गोळ्यांचा वास तोंड पुसताना नकोसा होतो, त्याऐवजी कडुलिंबाचा सुकलेला पाला कापडी पिशवीत बांधून ठेवा. दोन महिन्यांत एकदा टॉवेल काढून हवेशीर करा, लग्नसराईच्या आधी तर नक्की.

उसवलेला, विरलेला

एखादं वेटोळं उपसून बाहेर आलं तर ओढू नका, कात्रीने पृष्ठभागालगत कापा. टर्किश विणीत पायाचा दोरा वेगळा असतो, त्यामुळे कापलेल्या जागेवरून टॉवेल उसवत नाही. काठ सुटला तर दुसऱ्या धुण्याच्या आधी शिवून घ्या. अडकवायला काठाला नाडीचा आकडा शिवला तर खिळ्याने भोकं पडत नाहीत.

उजेडासमोर धरल्यावर मधला भाग जाळीसारखा दिसू लागला की आंघोळीचं काम संपलं. मधला विरलेला भाग कापून बाजूला काढा, तो फरशीच्या पोतेऱ्याला बरा. काठाकडच्या दोन्ही पट्ट्या अजून भक्कम असतात. त्या एकमेकींवर ठेवून चारी बाजूंनी आणि मधून तिरकी शिवण मारा. शिलाई मशीनची सुई १६ नंबरची घाला, बारीक सुई या जाडीला मोडते. दोन पदरांचं पायपुसणं होतं, न्हाणीच्या दारात ते पाणी छान धरतं. त्याचंही धुणं याच पद्धतीने, फक्त टॉवेलांपासून वेगळं.